धान्य पोहोचवले, गोळीचे विचारले नाही

२०२० सालची भीमजयंती आपल्यापैकी कोणीही विसरणार नाही. मिरवणूक नाही, निळे झेंडे लावलेले ट्रक नाहीत, ढोल-ताशे नाहीत, विहाराला कुलूप. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. प्रत्येकाने घरातच बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला, मेणबत्ती लावली आणि घरातच त्रिशरण-पंचशील म्हटले. त्या दिवसांत कल्याण पूर्वेच्या आमच्या वस्तीत विहार समितीतर्फे आम्ही घरोघर धान्य पोहोचवत होतो. नोकरी कारकुनाची, त्यामुळे यादी लिहिण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. वहीत आम्ही चार रकाने आखले होते : कुटुंबप्रमुखाचे नाव, घरात माणसे किती, रेशनकार्ड आहे की नाही, हाताला काम आहे की नाही. पाचवा रकाना आखायला आम्ही विसरलो. घरात रोजचे औषध घेणारे कोणी आहे काय, आणि असल्यास ते औषध शिल्लक आहे काय, हा तो रकाना. आज त्याच राहून गेलेल्या रकान्याविषयी लिहावयाचे आहे.

पिशवी मनगटावर घेणारी ताई

आमच्या गल्लीत घरकाम करणाऱ्या एक ताई आहेत. वय पंचेचाळीसच्या पुढे. नवरा अपंग, दोन मुले शिकणारी. सहा वर्षांपासून त्यांना सांध्यांचा आजार आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपल्या वस्तीत त्याला नुसते 'वात' म्हणतात. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातून त्या दर महिन्याला गोळ्या आणीत. गोळ्या चालू असताना ताई चार घरची भांडी-कपडे करीत, पहाटे उठून भाकरी थापीत. त्यांना आजार आहे हे कित्येकांना ठाऊकही नव्हते.

त्या एप्रिलमध्ये आम्ही धान्याची पिशवी दारात नेली तेव्हा ताईंनी ती बोटांनी धरली नाही. पिशवीचे बंद मनगटात अडकवून घेतले. आम्ही ते पाहिले, पण त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला नाही. यादीवर खूण केली, "जयभीम ताई" म्हणालो आणि पुढच्या दाराकडे वळलो.

सप्टेंबरमध्ये त्यांची मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, आईला स्वतःची वेणी घालता येत नाही. पीठ मळता येत नाही. रात्रभर कण्हते." आम्ही घरी गेलो. दोन्ही मनगटे सुजलेली, उजव्या हाताची बोटे वाकू लागलेली. विचारले तेव्हा कळले, की मार्चअखेरपासून गोळ्या बंद आहेत.

"ताई, बोलला का नाहीत?"

"दादा, तुम्ही तांदळाचं विचारलं, डाळीचं विचारलं. गोळीचं कुणी विचारलं नाही. आणि लोक पोटाला रडत असताना मी गोळीसाठी कशी रडू?"

आम्हांला उत्तर देता आले नाही.

गोळी का बंद झाली?

ताईंच्या बोलण्यातून जी कारणे निघाली, ती केवळ त्यांची नव्हती. पुढे वस्तीत चौकशी केली तेव्हा सांध्यांच्या जुन्या आजाराच्या आणखीही काही रुग्णांकडून तीच कारणे थोड्याफार फरकाने ऐकायला मिळाली.

पहिले कारण वाट बंद झाल्याचे. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती सुरू झाली, परंतु फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. कल्याणच्या बाईने मुंबईच्या रुग्णालयात जायचे कसे? शिवाय मोठी रुग्णालये तेव्हा कोविडच्या कामात बुडालेली. तिथे गेलो तर आजार घेऊनच परत येऊ, ही धास्ती वेगळी.

दुसरे कारण पैशाचे. चारही घरच्या बाईसाहेबांनी "आता येऊ नको" असे सांगितले. एका घरच्यांनी दोन महिने पगार दिला, बाकीच्यांनी नाही. रुग्णालयात ज्या गोळ्या मिळत, त्या दुकानातून विकत घ्यायच्या म्हटल्या तर आधी चूल की आधी गोळी, हा प्रश्न.

तिसरे कारण भीतीचे. शेजारच्या एका शिकलेल्या मुलाने मोबाईलवर आलेला मजकूर वाचून सांगितले, की वाताच्या गोळ्यांनी शरीराची रोगप्रतिकारशक्ती कमी होते आणि अशा माणसाला कोरोना आधी धरतो. मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलला. ताईंना वाटले, रोगाने मरेन तेव्हा मरेन, गोळीने आज का मरू?

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. गोळी बंद केली आणि काहीच झाले नाही! पहिला आठवडा बरा गेला, दुसराही गेला. ताईंना वाटले, म्हणजे गोळीची गरजच नव्हती. हे कारण नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी आजार काय आहे ते थोडे पाहू.

घरचा राखणदार घरावर उलटतो

आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. या आजारात ती यंत्रणा ओळख विसरते आणि आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. राखणदाराने घरच्याच माणसांना चोर समजून मारावे, तसा हा प्रकार. सांधे सुजतात, गरम होतात. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ, हात आखडलेले राहतात. उपचार झाला नाही तर हाड आणि कूर्चा झिजतात आणि बोटे वाकडी होतात. ती झीज मग कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

वय झाल्यावर गुडघे दुखतात तो आजार निराळा. हा आजार तिशी-चाळिशीतही येतो. प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून कमी, परंतु पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुप्पट-तिप्पट आढळतो. याच घराण्यातला दुसरा आजार म्हणजे ल्युपस. तो त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना धरतो आणि त्याच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात. म्हणजे जिच्या हातावर घर चालते, तिच्याच हातावर घाव! आणि आपल्या घरांतून बाईच्या दुखण्याला शेवटचा नंबर मिळतो, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

यावरची मुख्य औषधे म्हणजे मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड. ही दुखणे दाबणारी औषधे नव्हेत. ती बहकलेल्या राखणदाराला आवरतात. त्यांचा परिणाम हळूहळू होतो. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला त्याहूनही जास्त लागू शकतात. जे औषध हळू चढते ते हळूच उतरते. म्हणून बंद केल्यावर पहिले काही दिवस काही जाणवत नाही आणि रुग्णाची फसगत होते. जाणवू लागते तेव्हा सांध्यात पुन्हा आग पेटलेली असते. ती विझवायला परत तीन महिने!

याच्या उलट दुखणे थांबवण्याची गोळी तासाभरात बरे वाटवते. म्हणून गरीब माणूस खरे औषध सोडतो आणि तीच गोळी धरतो. ताईंनीही तेच केले. मेडिकलमधून पाच-पाच रुपयांच्या गोळ्या आणून पाच महिने काढले. दुखणे तेवढ्यापुरते कमी झाले, सांध्याची झीज चालूच राहिली. अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, हे आणखी वेगळे.

भीती खरी की खोटी?

'या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते' हे वाक्य पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते जास्त घातक ठरले. ही औषधे प्रतिकारयंत्रणेला आवर घालतात, हे खरे. काही औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो, हेही खरे. परंतु तेवढ्यावरून गोळी सोडावी काय, हा प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तर तपासून द्यावे लागते.

ते तपासले गेले. २०२० मध्ये जगभरच्या सांधेरोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन कोविड झालेल्या आपल्या रुग्णांची नोंद ठेवली. ४० देशांतील ६०० रुग्णांचा पहिला अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की मेथोट्रेक्सेटसारख्या नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या गोळ्यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका वाढला नव्हता. धोका वाढलेला दिसला तो रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड घेणाऱ्यांत. आता हिशेब पाहा. नेहमीची गोळी सोडली की आजार उसळतो. आजार उसळला की तो दाबायला जास्त स्टेरॉइड लागते. म्हणजे ज्या भीतीने गोळी सोडली, त्याच धोक्याच्या दारात माणूस जाऊन उभा राहतो. म्हणूनच तज्ज्ञांचा सल्ला होता, की संसर्ग झालेला नसेल तर औषध चालू ठेवा. संसर्ग झाला तर कोणती गोळी थोडे दिवस थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

स्टेरॉइडची गोष्ट तर अधिकच नाजूक. काही आठवडे वा महिने स्टेरॉइड घेतले, की शरीर स्वतःचे तसे द्रव्य तयार करणे कमी करते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब खाली जाऊन जिवावर बेतू शकते. स्टेरॉइड कमी करायचे ते डॉक्टरांच्या सांगण्याने, पायरी-पायरीने.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश आपण विहारात नेहमी ऐकतो. कोणी सांगितले म्हणून, ऐकिवात आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश फक्त देव-धर्माच्या बाबतीतच लागू आहे काय? मोबाईलवर आलेल्या मजकुराला तो लागू नाही काय? नवस-सायास सोडलेला आपला समाज अफवेच्या नादी लागला, तर आपण काय कमावले?

एका गोळीसाठी धावपळ

त्याच काळात उलटा प्रकारही घडला. ताईंनी गोळी सोडली, तर वस्तीतल्या एका तरुण मुलीला गोळी हवी असून मिळेना.

ही मुलगी विशी ओलांडलेली, ल्युपसची रुग्ण. तिचे मुख्य औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळ हिवतापाच्या औषधांच्या कुळातले, पण ल्युपस आणि सांध्यांच्या आजारात ते कित्येक दशके वापरात आहे. मार्च २०२० मध्ये हे औषध कोरोनावर चालते असा बोलबाला जगभर झाला. २३ मार्चच्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोविड रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील माणसे यांना ते प्रतिबंधासाठी देण्याची शिफारस केली. शिफारस ठरावीक लोकांपुरती होती, परंतु ज्याच्या हाती पैसा होता त्याने दुकानातून डबेच्या डबे उचलले. २६ मार्चला सरकारने या औषधाच्या विक्रीवर कडक बंधन घातले. चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि दुकानदाराने नोंद ठेवायची. निर्यातीवरही बंदी आली, ती एप्रिलमध्ये अंशतः उठली. हे औषध बनवण्यात भारत जगात आघाडीवर, आणि भारताच्याच एका वस्तीतल्या मुलीला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळेनात!

तिचा भाऊ आमच्याकडे आला म्हणून आम्हांला कळले. विहारातल्या तीन मुलांनी तिची जुनी चिठ्ठी घेऊन दोन दिवस सायकलीवर दुकाने पालथी घातली. अकराव्या की बाराव्या दुकानात एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "ही तर खरी पेशंट आहे." त्याने मागे ठेवलेल्या दोन पट्ट्या काढून दिल्या. मुलीचा एकही दिवस चुकला नाही.

पुढे काय झाले? ५ जून २०२० रोजी इंग्लंडमधील रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीने जाहीर केले, की रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या चाचणीतून ते काढून टाकले. ज्यांनी घाबरून साठा केला त्यांच्या कपाटात गोळ्या पडून राहिल्या, आणि ज्यांचा जीव त्या गोळीवर होता ते दारोदार फिरले. पाणवठ्यावर काही जणांनी हक्क सांगावा आणि तहानलेल्याला मागे सारावे, हा प्रकार आपल्या समाजाला समजावून सांगायला नको.

या दोन घरांतला फरक कोणता? शिक्षणाचा नव्हे. पैशाचाही फारसा नव्हे. मुलीच्या भावाने तोंड उघडले, ताईंनी उघडले नाही. आणि ताईंना आम्ही विचारले नाही.

तथागतांनी सांगितलेला चांगला रुग्ण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. हा आपल्या कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत आनंदांना घेऊन तिथे गेले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. नंतर संघाला बोलावून तथागतांनी समज दिली, की तुमचे आईबाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेईल?

हा प्रसंग आपल्याला माहीत असतो. त्याच ठिकाणी पुढे जे येते ते मात्र फारसे सांगितले जात नाही. तथागतांनी तिथे रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. चांगला रुग्ण पथ्य पाळतो, मात्रा ओळखतो, औषध घेतो, आपल्या दुखण्याची खरी हकीकत शुश्रूषा करणाऱ्याला सांगतो आणि वेदना धीराने सोसतो. पाहा, औषध घेणे हा अडीच हजार वर्षांपूर्वी गुण म्हणून सांगितला आहे, आणि 'खरे सांगणे' त्याच्या जोडीला ठेवले आहे. शुश्रूषा करणाऱ्याचेही गुण सांगितले आहेत : त्याला औषध तयार करता यावे, काय चालेल आणि काय चालणार नाही हे कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस करू नये आणि धम्माच्या चार गोष्टी सांगून रुग्णाचे मन प्रसन्न करावे. म्हणजे औषध ही एकट्या रुग्णाची जबाबदारी नाही. घेणारा एक, सांभाळणारा दुसरा.

बाबासाहेबांचे चरित्रही हेच सांगते. मधुमेह आणि पायांच्या वेदना यांनी त्यांना अखेरची वर्षे छळले. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे येत, मुंबईतच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. माईसाहेबांनी त्यांचे पथ्यपाणी आणि औषधे सांभाळली. त्या दुखण्यातही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांनी लिहून पुरा केला. एवढ्या महामानवालासुद्धा औषध सांभाळणारे माणूस लागले, तर आमच्या ताईंना का लागू नये?

ताईंचे पुढे काय झाले

२१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना ठरावीक वेळेत लोकलने जाण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर मुलगी ताईंना घेऊन रुग्णालयात गेली. डॉक्टर रागावले नाहीत. रक्त तपासले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. फेब्रुवारीपर्यंत सूज उतरली, रात्रीचे कण्हणे थांबले. आज ताई पुन्हा भाकरी थापतात. पण उजव्या हाताची दोन बोटे सरळ होत नाहीत आणि आता होणारही नाहीत. धुण्याची दोन घरे सुटली, ती सुटलीच. पाच-सात महिन्यांच्या खंडाची एवढी किंमत. आम्ही पोहोचवलेल्या धान्याची बेरीज आमच्या वहीत आहे, पण या दोन बोटांची वजाबाकी कोणत्या रकान्यात मांडायची?

पाचवा रकाना

साथ गेली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण वाट बंद व्हायला साथच लागते असे नाही. २६ जुलै २००५ च्या पुराने वाट बंद केली होती. संप, गावाकडचे मयत, मालकाने सुट्टी न देणे, यांपैकी कशानेही महिन्याची गोळी चुकते. म्हणून काही गोष्टी आपण आजच ठरवून घेऊ.

घरात एक वही ठेवावी. वाण्याच्या खात्यासारखे औषधाचे खाते. गोळीचे नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, आज शिल्लक किती. दहा दिवसांची शिल्लक उरली की नव्याची तजवीज सुरू. शाळेत जाणारे मूल हे खाते आनंदाने लिहील, आणि आईच्या दुखण्याची जाणही त्याला येईल.

मेथोट्रेक्सेट सांध्यांच्या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. चुकून रोज घेतले तर तोंड येते, रक्तातील पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून वार पक्का करावा. आमच्या ताईंनी रविवार धरला आहे. विहारातील वंदना झाली की गोळी. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी. या औषधाबरोबर दारू वर्ज्य. पाचवे शील इथे यकृताचेही रक्षण करते. रक्ताची तपासणी सांगितलेल्या तारखेला चुकवू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तसे डोळे तपासून घ्यावेत.

घरातील सुनेला-मुलीला दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असल्याने ते वेळेआधी थांबवावे लागते, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुधा चालू ठेवले जाते. म्हणजे 'पोटात बाळ आहे, सगळ्या गोळ्या बंद' हेही चूक आणि 'सगळ्या चालू' हेही चूक.

वैदूची पुडी, नाव नसलेली भुकटी घेऊ नये. दोन दिवसांत चमत्कार झाला तर समजावे की आत स्टेरॉइड असण्याचा संभव आहे. अशा पुड्यांत ते मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये आणि आपली तिला देऊ नये.

पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहायला सांगावे आणि जनऔषधी केंद्रात विचारावे, तिथे कंपनीच्या छापापेक्षा किंमत पुष्कळ कमी असते. राज्य विमा योजनेचे कार्ड असेल तर ते वापरावे. २०२० च्या टाळेबंदीत विमाधारकांना बाहेरच्या दुकानातून औषध घेऊन खर्च परत मागण्याची मुभा मिळाली होती. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होते? २५ मार्च २०२० पासून डॉक्टरांनी फोनवरून वा व्हिडिओवरून सल्ला देण्यासाठी केंद्राची नियमावलीही आहे. माहिती नसणे हीसुद्धा एक गरिबी आहे, आणि ती दूर करणे कार्यकर्त्याच्या हातात आहे.

गोळी चुकली असेल, सोडली असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये. खरे सांगितले तरच पुढचा उपचार बरोबर होतो.

आणि शेवटचे, विहार समित्यांसाठी. आमच्या विहारात आता दर तीन महिन्यांनी एक यादी तयार होते. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, क्षय, सांध्यांचा आजार, ज्याला जे सांगावेसे वाटेल त्याने सांगावे. कोणावर सक्ती नाही आणि यादी भिंतीवर लागत नाही. प्रत्येक गल्लीत एक मुलगा आणि एक मुलगी नेमलेली आहे. संकट आले तर धान्याआधी ते एवढेच विचारतात, "काकू, गोळ्या किती दिवसांच्या आहेत?"

हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, निधी लागत नाही, सरकारी मंजुरीही लागत नाही. ज्या दारात आम्ही तो एप्रिल २०२० मध्ये विचारला नाही, त्या दारात आज ताई स्वतः उभ्या असतात. आमच्या गल्लीच्या यादीचे काम त्यांनीच मागून घेतले आहे. वही उजव्या हाताने धरता येत नाही, म्हणून डाव्या हातात धरतात आणि मुलगी लिहिते. पाचवा रकाना त्या कधीही रिकामा सोडत नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!